शोकमाईच्या डोळ्यांतलं पाणी

"रडली! माई रडली!"

रांगेच्या तोंडाशी कोणीतरी ओरडलं आणि मागची दोन-अडीचशे माणसं एकदम पुढे रेटली गेली. रांग देवालयाच्या दारातून निघून, पायऱ्या उतरून, सायकलवाल्याच्या दुकानाला वळसा घालून पार पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली होती. कोणाच्या हातात गेलेल्या माणसाचा फोटो, कोणाच्या खांद्यावर खुद्द आजारी. एकाने तर बंद पडलेला मोबाइल आणला होता. आता माईने बिचारीने कशाकशासाठी रडायचं!

आत चौथऱ्यावर शोकमाई बसली होती. मांडीवर मेलेलं लेकरू, मान खाली, एक हात लेकराच्या कपाळावर, दुसरा स्वतःच्या छातीवर, डोक्यामागे पितळेची प्रभावळ. तिच्या खालच्या पापणीवर थेंब जमायचा, हळूहळू फुगायचा आणि टपकन लेकराच्या कपाळावर पडायचा. पडला की आसूबाबा तो कापसाने टिपायचा आणि बोटभर बाटलीत पिळायचा.

"चाखा! चाखून बघा!" आसूबाबा म्हणत होता. "खारट आहे की नाही? तुमच्या नळाला कधी खारट पाणी आलंय? हे पाणी नाही, ही माया आहे माया! दवाखान्यात गेलात तर काय मिळतं? नंबर मिळतो. इथे काय मिळतं? आई मिळते!"

हा आसूबाबा वर्षापूर्वीपर्यंत दारोदार फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. मग देवालयात राखणदार म्हणून लागला, आणि माई रडायला लागल्यावर पंधरा दिवसांत बाबा झाला. जीभ मात्र तीच राहिली. तेव्हाही तो पाणी चाखायला लावायचा.

या रांगेत सासूबाईंचा कोपर धरून डोळेकरीण उभी होती. मूर्तींच्या कारखान्यात ती अठरा वर्षं होती. तिथे कपडे एक जण रंगवायचा, कातडीचा रंग दुसरा द्यायचा, पण डोळे फक्त तिच्याकडे. म्हणून सगळे तिला डोळेकरीणच म्हणत. आठ महिन्यांपूर्वी तिची सोळा वर्षांची लेक साध्या तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेली. घरात त्या पोरीला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसायची नाही. ती गेल्यावर डोळेकरणीने कारखान्यात डोळे रंगवणं सोडलं. चौथरे आणि त्यांवरची फुलं रंगवायचं काम तिने मागून घेतलं होतं. मूर्तीच्या तोंडाकडे ती बघायची नाही. इथेही तिची नजर जमिनीवर होती आणि डाव्या चपलेचा पट्टा टाचेला घासत होता. तिला तेवढंच जाणवत होतं.

"बाबा, ही माझी सून," सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या. "हिचीच लेक."

आसूबाबाने डोळे मिटले, उघडले. "बाई, किती महिने झाले?"

"आठ."

"रडलीस?"

डोळेकरणीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही."

"एकदाही नाही?"

"येत नाही रडू," ती म्हणाली. कोणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तशी.

आसूबाबा गर्दीकडे वळला. त्याच्या पुढ्यात जणू वाढलेलं ताटच आलं होतं. "ऐकलंत? पोटची पोर गेली आणि हिचा रुमाल कोरडा! मग त्या लेकराच्या वाटचं रडायचं कोणी? ही दगड झाली म्हणून आपल्या माईला रडावं लागतं!"

नेमका तेव्हाच एक थेंब पडला. सगळ्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं. सासूबाई हुंदके देऊ लागल्या आणि मागच्या बायका डोळेकरणीकडे असं बघू लागल्या की जणू तिनेच पोरीचा गळा दाबला होता. तिने चपलेचा पट्टा जरा सैल केला.

"आजी, रोज दोन थेंब डोळ्यांत," आसूबाबाने सासूबाईंच्या हातात नवी बाटली दिली. "आणि ते डॉक्टरचं औषध बंदच ठेवायचं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, एका डोळ्यात दोन औषधं नांदत नाहीत."

खरी गोम इथे होती. सासूबाईंना काचबिंदू होता. रोज सकाळी आठला औषधाचे थेंब डोळ्यांत पडले तर नजर टिकणार होती. चार वर्षं ते थेंब भिंगरी घालायची. ती गेल्यावर काही महिने सासूबाईंनी स्वतःच कसेबसे घातले, अर्धे गालावर, अर्धे डोळ्यांत. आता महिना झाला, औषधाची बाटली कपाटात पडून होती आणि फळीवर आसूबाबाची बाटली आली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना तपासलं, पुन्हा तपासलं आणि डोळेकरणीला बाहेर बोलावलं.

"दाब दुपटीच्या वर गेलाय. थेंब बंद केलेत ना?"

"हो."

"काचबिंदू दुखत नाही, तिथेच माणसं फसतात. कडेकडेची नजर जात राहते आणि पेशंट म्हणतो, मला छान दिसतंय. डोळे लाल झालेत ते त्या घाणेरड्या पाण्याने, ते बरे होतील. पण गेलेली नजर परत येत नाही. औषधाने नाही, ऑपरेशनने नाही. असेच आणखी दोन-तीन महिने काढले तर त्या आंधळ्या होतील. स्पष्ट सांगते."

"बरं," डोळेकरीण म्हणाली.

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "बाई, तुम्हाला कळलं ना मी काय म्हणाले?"

कळलं होतं. सगळं कळत होतं, पण आत जाऊन कुठे टेकत नव्हतं. गेले आठ महिने असंच होतं. लोक बोलायचे, ती ऐकायची, हो म्हणायची आणि कामाला लागायची.

घरी आल्यावर सासूबाईंनी चहा ओतला तो निम्मा कपाबाहेर. मग स्वयंपाकघरातून येताना खांदा दाराच्या चौकटीला आपटला. "कोणी हलवली ही चौकट?" त्या म्हणाल्या. पूर्वी अशा विनोदावर भिंगरी खदखदून हसली असती. आता कोणी हसलं नाही, आणि सासूबाई विनोद करतही नव्हत्या.

"आई, मी घालते थेंब," डोळेकरीण म्हणाली. "हे डॉक्टरचे. आठ वाजता, कामावर जायच्या आधी."

"नको."

"का नको?"

"भिंगरीच्या हातचे होते ते. 'आजी, वर बघ, डोळा मीट, बोट दाबून धर, मी शंभर मोजते.' रोज. ती गेली, तिच्याबरोबर ते औषध गेलं." सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "आता माई घालते. ती माझ्या नातीसाठी रडते गं. या घरात आणखी कोण रडतंय?"

डोळेकरणीचा नवरा बेकरीत पहाटेच्या पाळीला असायचा. केसांत पीठ घेऊन तो दुपारी घरी आला, तेव्हा तिने त्याला डॉक्टरीणबाईंचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"मग मी काय करू?" तो म्हणाला. "आईला दाबून धरू? तिला तेवढाच आधार उरलाय. तो कशाला काढून घेतेस?"

"आंधळ्या होतील त्या."

तो बराच वेळ पायातले बूटच काढत बसला. "तूच बघ," शेवटी म्हणाला. "माझ्यात आता काही राहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातून तासाभराची सुट्टी घेतली. ज्याच्या शब्दावर औषध बंद झालं, त्याच्याच शब्दावर ते चालू होईल, असा तिचा साधा हिशेब. ती पोचली तेव्हा साडेदहा वाजले होते. माईचं रडणं रोज सात ते दहा, त्यामुळे गर्दी ओसरली होती. आसूबाबा बाकावर पाय पसरून संत्रं सोलत होता.

"बाबा, सासूबाईंना तेवढं सांगा. तुमचे थेंब घाला, पण डॉक्टरचेही घाला. तुमचं त्यात काय जातं?"

"माझं काय जाणार गं?" आसूबाबाने एक फोड तोंडात टाकली. "पण माईला राग येतो. माई म्हणते, माझ्यावर भरवसा नाही? आणि बघ, तू आलीस आणि तिचं रडणं थांबलं. तुझा कोरडेपणा लागतो तिला."

"मी साडेदहाला आले. रडणं दहाला थांबलं."

"म्हणजे तू निघालीस तेव्हाच तिला कळलं!"

ढोलासारखा माणूस, कुठूनही वाजवा, आवाज तोच. डोळेकरीण वळली, आणि वळताना, आठ महिन्यांत पहिल्यांदाच, तिने मूर्तीच्या तोंडाकडे पाहिलं.

खालच्या पापण्यांवर पांढरी भुकटी फुलली होती. लेकराच्या कपाळावरही तशीच, आणि तिथला रंग पापुद्र्यासारखा सुटत होता. असा प्रकार दुसऱ्या कोणाला देवाची करणी वाटली असती, पण अठरा वर्षं प्लास्टरमध्ये घालवलेल्या बाईला ते काय आहे हे सांगायला नको होतं. प्लास्टर पाणी पितं. पाण्यात मीठ असेल तर पाणी वाळतं आणि मीठ वर येऊन फुलतं. म्हणून तर रंगावर सगळीकडून पाणी अडवणारं रोगण देतात, आणि डोळ्यांना दोनदा.

रोगण.

ती चौथऱ्याच्या बाजूला गेली आणि माईच्या डाव्या कानामागे वाकून बघितलं. तिथे एक निळी टिकली होती, मोहरीएवढी. बुबुळांचा रंग जमलाय का हे ती नेहमी डाव्या कानामागे लावून बघायची. कारखान्यात दुसरं कोणी असं करत नसे.

ही मूर्ती तिची होती.

तो मंगळवार तिच्या डोक्यातून कोणी पुसून टाकावा तसा गेला होता, तो आता तुकड्या-तुकड्याने परत आला. भिंगरीच्या तापाचा चौथा दिवस. सकाळी पोर म्हणाली होती, "बरं वाटतंय, तू जा." ऑर्डर घाईची होती म्हणून ती अर्ध्या दिवसासाठी कामावर आली. बुबुळं झाली, पापण्या झाल्या. रोगणाचा डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि नवऱ्याचा फोन आला. ब्रश डब्यातच राहिला. पुढचं तिला आठवायचं नव्हतं, आणि तिने आठवलं नाही.

कारखान्यात जाऊन तिने आपलं जुनं टेबल बघितलं. तिथे कोणी बसत नसे. रोगणाचा डबा तसाच होता आणि त्यात ब्रश दगडासारखा अडकून बसला होता.

"मिस्तरी," तिने कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकाला विचारलं, "देवालयातली शोकमाई, एकशे चौदा नंबरच्या साच्यातली. तिच्या डोळ्यांना रोगण दिलं होतं का कोणी?"

मिस्तरींनी चष्मा कपाळावर सरकवला. "तूच दिलं असशील की. मी तसंच धरून पाठवली. तेव्हा तुला विचारायला कोण येणार होतं, पोरी?"

"मी नव्हतं दिलं."

मिस्तरींनी चष्मा परत डोळ्यांवर ओढला. मग उठून त्यांनी एकशे चौदाची दुसरी मूर्ती फळीवरून उतरवली. दोघांनाही पुढचं सांगावं लागत नव्हतं. माईची मान पुढे झुकलेली. डोकं भरीव केलं तर मूर्ती तोंडावर आपटते, म्हणून डोकं वेगळ्या साच्यातून काढतात, आतून पोकळ, आणि मानेपाशी तळ बंद करून चिकटवतात. वर टाळूला भोक, कारण प्रभावळीची दांडी तिथे बसते. म्हणजे माईचं डोकं ही एक बंद वाटी, आणि प्रभावळ तिचं झाकण.

डोळेकरणीने पातळ पात्याने दोन्ही पापण्यांवरचं रोगण केसभर खरवडलं, प्रभावळ काढून नरसाळ्याने डोक्यात पाणी ओतलं आणि प्रभावळ परत बसवली. मग दोघं चहा प्यायला बसली.

पाऊण तासाने डाव्या पापणीवर थेंब आला. फुगला. लेकराच्या कपाळावर पडला.

मिस्तरी खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरले. सगळं माहीत असूनही त्यांचे हात आपोआप जोडले जाणार होते, ते त्यांनी मांडीखाली दाबून ठेवले. "बघ," ते घसा खाकरून म्हणाले, "शोकाच्या मूर्तीला आसू कधी घडवू नये असं माझे वडील सांगायचे. जुन्या देवालयांच्या भिंतींवर बघ. मेलेल्याभोवती दहा माणसं रडताना काढलेली असतात, ती शेजारची, गावातली. ज्याचं सर्वांत जवळचं गेलंय, त्याचं तोंड चित्रकार कपड्याआड झाकतो. ते त्याला काढता येत नाही म्हणून."

डोळेकरीण मूर्तीकडे बघत होती. "पाणी डोळ्यांच्या खाली गेलं की थांबेल," ती म्हणाली. "म्हणून आसूबाबाच्या माईचं दहाला थांबतं. रोज सकाळी तो पडदा ओढून प्रभावळ घासतो म्हणे, तेव्हा भरत असेल."

"पण पहिल्यांदा कशी रडली असेल?"

"धुतली असेल वरून. पाणी टाळूच्या भोकातून आत गेलं. त्याने बघितलं आणि ओळखलं. बेरकी आहे."

"पोरी, हे बोलायचं तर कारखान्याची चूक सांगावी लागेल. लोक म्हणतील, यांच्याकडून मूर्ती घेऊ नका."

"कारखान्याची नाही. माझी."

मिस्तरींनी दाढी खाजवली. "सकाळी हातगाडी घेऊन जा," ते म्हणाले. "आणि मी येतो ढकलायला. तुझ्याच्याने चढ नाही चढायचा."

सकाळी आठला रांग टाकीपर्यंत होती. सासूबाई सर्वांत पुढे, कोणाचा तरी खांदा धरून. डोळेकरणीने हातगाडी थेट पायऱ्यांपाशी नेली आणि गाडीवरच्या मूर्तीवरचं फडकं काढलं. तीच माई, तेच लेकरू.

"हे काय नवीन?" आसूबाबा बाहेर आला.

"माईच्या डोळ्यांचं रोगण राहिलंय," डोळेकरीण म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे लोक गप्प होऊन ऐकू लागले. "मूर्ती मी रंगवली होती. त्याआधी तिचं डोकं रिकामं करायचं आहे. प्रभावळ काढा."

"मूर्तीला हात लावायचा नाही! पाप लागेल!"

"अठरा वर्षं लावतेय. या मूर्तीच्या डाव्या कानामागे निळी टिकली आहे, ती माझी. कोणीही बघा."

सायकलवाला रोज दुकानासमोरच्या रांगेला वैतागला होता. तो लगेच चौथऱ्यावर चढला. "आहे की हो! निळीच आहे!"

"मग काढा की प्रभावळ!" मागून कोणी म्हणालं. "त्यात काय एवढं? रोज घासता ना?"

आसूबाबा आडवा येईपर्यंत सायकलवाल्याने प्रभावळ उचलली. खिशातून चाकाचा एक स्पोक काढून त्याने टाळूच्या भोकात घातला आणि वर धरला. स्पोक वीतभर ओला होता. त्याने जीभ लावून पाहिली. "खारट. पाणी आहे आत, चांगलं लोटाभर."

गर्दीत कुजबूज झाली. पण आसूबाबा म्हणजे काय कच्च्या गुरूचा चेला? "असणारच!" तो गरजला. "आसवं डोक्यात नसतील तर काय गुडघ्यात असतील? माईच्या डोक्यात माईची आसवं, यात नवल ते काय?"

आणि गंमत बघा, चार-पाच जणांनी माना डोलावल्या. माणसाला विश्वास ठेवायचाच असला की तो कशावरही ठेवतो.

"मग या दुसऱ्या माईकडे बघा," डोळेकरीण म्हणाली.

सगळ्यांनी हातगाडीकडे पाहिलं. गाडीवरची माई रडत होती. ती मघापासूनच रडत होती, नुसतं कोणाचं लक्ष नव्हतं.

"हिला अजून कोणी हात जोडलेले नाहीत. कालपर्यंत ही कारखान्यात रंगाच्या डब्यांमध्ये होती. काल मी हिच्या पापणीवरचं रोगण खरवडलं आणि आज सकाळी सहाला डोक्यात नळाचं पाणी भरलं. तुमच्या माईच्या पापणीवर ते मुळात नव्हतंच. सगळ्या अंगावर रोगण आणि तेवढ्याच जागी नाही, म्हणून पाणी तेवढ्याच जागेतून झिरपतं." ती आसूबाबाकडे वळली. "बाबा, ही कोणासाठी रडतेय?"

आसूबाबा एक पाऊल मागे सरला. "ही... हिच्यात माया नाही!"

"चाखून बघा. मीठ घालायचं राहिलंय, मायेचं काही सांगता येत नाही," सायकलवाला म्हणाला, आणि पहिल्यांदाच लोक हसले.

त्याने दुकानातून रबरी नळी आणली आणि देवालयातल्या माईच्या डोक्यातलं पाणी बादलीत ओढून काढलं. मग सगळे थांबले. पंधरा मिनिटं. अर्धा तास. देवालयातल्या माईचा एकही थेंब पडला नाही. हातगाडीवरची रडतच होती. तेवढ्या वेळात आसूबाबा मागच्या दाराने गेला, चपला पुढच्या दारात सोडून. त्याच्या खोलीत मिठाची पिशवी आणि लांब तोंडाची झारी सापडली.

"पण रोगण राहिलंच कसं?" कोणीतरी मिस्तरींना रागाने विचारलं.

"मी विसरले," डोळेकरीण म्हणाली. "ब्रश हातात होता तेव्हा फोन आला. त्या दिवशी माझी पोर गेली."

मग रांगेतली एक बाई पुढे आली. तिच्या हातात एका तरण्या मुलाचा फोटो होता. "तुला काय मिळालं गं हे करून?" ती म्हणाली. "माझ्यासाठी रडत होती ती."

"काही नाही मिळालं," डोळेकरीण म्हणाली. ते खरंच होतं. तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही, हलकं वाटलं नाही. हातगाडी परत चढावरून उतरवायची आहे, एवढंच मनात आलं.

मूर्ती अजून तिथेच आहे. डोळे कोरडे, दुहेरी रोगण दिलेले. ज्याला हात जोडायचेत त्याने खुशाल जोडावेत, कोणाची ना नाही. पण मूर्ती रडायला लागली तर आधी तिचं डोकं उघडून आत काय आहे ते बघा. बघू देत नसतील तर तिथेच ओळखा. आणि कोणीही, कितीही गोड बोलणारा असो, 'औषध बंद कर' म्हणाला की तिथून उठा. त्याचं काही जात नाही, नजर तुमच्या म्हातारीची जाते.

त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"म्हणजे माझ्या पोरीसाठी कोणीच रडत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही रडता की, आई. रोज."

"मी म्हातारी. माझं काय! तुझं विचारतेय मी."

डोळेकरीण त्यांच्या शेजारी बसली. "मला येत नाही. का येत नाही ते मलाही कळत नाही. त्याने मला सगळ्यांसमोर दगड म्हटलं तरी मला काही वाटलं नाही, असं झालंय माझं." ती थांबली. "पण अठरा वर्षांत माझ्याकडून एकही डोळा रोगणाशिवाय गेला नव्हता, आई. एक गेला. तो तिच्यापायी गेला."

सासूबाईंनी चाचपडत तिचा हात शोधला. सापडायला जरा वेळ लागला, कारण हात उजवीकडे होता आणि उजवीकडचं त्यांना आता दिसत नव्हतं. ते पुढेही दिसणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं. उरलेली नजर मात्र टिकवता येईल, म्हणाल्या, एक दिवसही न चुकता थेंब घातले तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डोळेकरणीने कपाटातून औषध काढलं. नवरा पाळी बदलून घरी थांबला होता. तो दारात उभा राहिला.

"वर बघा, आई."

एक थेंब डाव्या डोळ्यात, एक उजव्या. अठरा वर्षं डोळ्यांवर चाललेला तो हात हलला नाही.

"डोळे मिटा. कोपऱ्यात बोट दाबून धरा. मी शंभर मोजते."

ती मोजू लागली. सासूबाई मिटल्या डोळ्यांनी ऐकत होत्या. पन्नासच्या पुढे त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला.

"भिंगरी साठावरून एकदम शंभरवर यायची," त्या म्हणाल्या. "लबाड. शाळेला उशीर होतो म्हणायची. मी आपली गप्प राहायचे."

डोळेकरणीला हे माहीत नव्हतं. चार वर्षं हे रोज याच खोलीत चाललं होतं, आणि तिला माहीत नव्हतं. साठ आले. तिचा आवाज तिथे अडकला. दारातला नवरा एक पाऊल पुढे आला.

मग ती म्हणाली, "एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट," आणि शंभरपर्यंत सगळे आकडे मोजले.